सुभेदार तात्यांच्या मॅडम

सकाळी सहाला फोन वाजतो. "मॅडम, आपल्या मॅडम माजावर हायत. फौरन या!"

पहिली मॅडम म्हणजे मी, शिराळ्याजवळच्या एका गावात जनावरांची डॉक्टर. दुसरी मॅडम म्हणजे सुभेदार तात्यांची जर्सी गाय. फौजेतून निवृत्त झालेले, पिळदार मिशीचे तात्या विधुर. अख्ख्या गावाला अरेतुरे करतात. गाईला मात्र अहोजाहो. तिला कुणी भाकड म्हटलं की संपलंच. "जबान सांभाळ, गड्या!"

पहिल्या वेतानंतर गाय गाभण राहीना. चार वेळा कृत्रिम रेतन केलं, चारही वेळा उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. तात्यांचा पुण्याचा मुलगा म्हणाला, विकून टाका. व्यापारी दारात आला, तर तात्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "जखमी जवान आमी मागं टाकत न्हाई."

मी तपासलं. "तात्या, गर्भपिशवी ठीक आहे. पण बीज जिथून खाली येतं ती नळी बंद असावी."

"किती नळ्या असत्यात?"

"दोन. डावी नि उजवी."

"मग दुसरीकडनं चढाई करू!"

यासाठी एक चाचणी असते. गर्भपिशवीच्या एका बाजूला रंगीत औषध सोडायचं. त्या बाजूची नळी उघडी असेल तर रंग पुढे रक्तात जाऊन लघवीत उतरतो. तात्या डबा घेऊन गाईमागे सावधान उभे राहिले. शेजारीण म्हणाली, "आवं, बसा की जरा!"

"ड्युटीवर बसत न्हाईत."

डावीकडचा रंग उतरलाच नाही. काही दिवसांनी उजवी बाजू पाहिली आणि डब्यात गुलाबी लघवी दिसली. तात्यांनी ती साऱ्या आळीला दाखवली.

आता बीज उजवीकडे असेल तेव्हाच रेतन करायचं. दोन माज डावीकडचे निघाले. तात्यांनी ओठ आवळून दोन्ही सोडून दिले. तिसरा उजवीकडचा होता.

तीन महिन्यांनी तपासून मी म्हणाले, "गाभण आहे."

तात्या गाईच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मागल्या खेपेला व्याल्यावर वार पडंना, तवा मीच वडून काढली. तुमास्नी सांगितलं न्हाई. भ्यालो हुतो. ही बी गेली तर बोलायचं कुनाशी? त्यातनंच नळी बिघडली न्हवं?"

खोटं बोलवेना. "असू शकतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "ह्या बारीला तुमी येस्तवर हात लावणार न्हाई. भरवसा नसंल तर मलाच दाव्यानं बांधा."