लाखोलीची वेल

एका जंगलात, बाळांनो, वाघसुद्धा संकष्टी धरायचा. फक्त चंद्रोदय जरा लवकर मानायचा. अशा त्या धार्मिक जंगलात एक सायाळकाकू राहायच्या. त्यांचं बीळ आवळीखाली. त्या एका आवळीच्या फळांवर आजूबाजूच्या साऱ्या पिलांचा हिवाळा निघायचा.

काकूंनी महादेवाला लक्ष फुलं वाहायचा संकल्प सोडला. पण जंगलातली फुलं काय, चार दिवस फुलायची आणि रजेवर जायची. काकूंना झोप लागेना.

तेवढ्यात परदेशातून एक करकोचा आला. चोचीत जांभळ्या वेलीचं कांडं.

"शोभेची आहे, काकू. बारा महिने फुलते. बघावंसुद्धा लागत नाही."

"देवच पावला हो!" म्हणत काकूंनी ती आवळीवर चढवली.

खरंच, लाखोली झटक्यात झाली. निर्माल्य कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून काकू ते देठाकांड्यांसकट ओढ्यात सोडायच्या. वर हातही जोडायच्या. कांडं काठाला लागलं, की तिथेच रुजायचं. बघता बघता करवंदीच्या जाळ्या गेल्या, पायवाटा गेल्या. आवळी तर वेलीखाली गुदमरली. फळ धरेना.

"काकू, पुण्य तुमचं आणि उपास आमच्या पिलांना!" मुंगूसवहिनी कडाडल्या. "उपटा ती वेल!"

"अगंबाई, देवाच्या फुलांची वेल! पाप नाही का लागणार?"

"मग संकल्प सोडून उपटा!"

वहिनी टोमणा मारून गेल्या. काकूंनी मात्र लगेच पाणी सोडलं. "लक्ष वेली उपटेन, तोवर गोड खाणार नाही."

काकू भल्या जिद्दीच्या. नखं झिजली, काटे मोडले, पण उपटलेली प्रत्येक वेल त्यांनी खडकावर कडकडीत वाळवली. आवळीने मोकळा श्वास घेतला. फांद्यांना बारीक बारीक फळं लगडली. पिलं नाचली. वहिनींनी तर काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं.

काकूंचा चेहरा मात्र उतरलेला.

"आता काय झालं?"

"वहिनी, वेल संपली हो."

"मग चांगलंच की!"

"कसलं चांगलं? लक्ष कुठे भरल्यात अजून?"

आणि काकूंनी पदराआडून एक हिरवं कांडं काढलं, आवळीच्या बुंध्याशी खोचलं, वर ओंजळभर पाणी घातलं.

"जास्त नको रे महादेवा," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "उद्यापनापुरती वाढव."

तात्पर्य : संकल्प कधी अर्धा सोडू नये. जंगल काय, पुन्हा उगवेल. नाहीच उगवलं, तर वेल आहेच.