पेढा, बर्फी आणि केदारीआप्पांचा कॉम्प्युटर

केदारीआप्पांच्या वडगावातल्या घरात मागांचा खडखडाट एवढा, की सासूसुनांची भांडणंसुद्धा हातवारे करून करावी लागतील. पण त्या दिवशी आतल्या खोलीतला आवाज मागांच्याही वर चढला होता. साडीच्या किनारीची डिझाइनं ज्या कॉम्प्युटरवर काढायची, तो जुना झाला होता. 'या विंडोजला आता नवीन दुरुस्त्या मिळणार नाहीत' अशी पाटी त्याच्यावर रोज यायची, आणि त्या पाटीसमोर आप्पांचा मुलगा आणि जावई बाह्या सरसावून उभे होते.

"आप्पा, नवं विंडोज घालूया," कुमार म्हणाला. "हात बसलाय माझा."

"मामा, लिनक्स घाला," जावई रविराज म्हणाला. "फुकट हाय, हलकं हाय, जुन्या मशिनवर लई जोरात पळतंय."

"पळतंय, पण डिझाइनचं सॉफ्टवेअर घेऊन पळणार व्हय, दाजी?"

"चालवून दाखवतो की! तू जरा नवीन काय शिकशील तर शपथ!"

आप्पांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. किनारीवर पोपट नीट उतरले म्हणजे झालं, एवढंच त्यांचं मत. पण ते बोलून दाखवायची सोय कुठे होती? मुलगी मंजुश्री, म्हणजे रविराजची बायको, हिला सातवा लागलेला. रविवारी तिची ओटी भरायची होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं म्हणून इंदुताईंनी माळ्यावरचा पाळणासुद्धा काढून धुऊन ठेवला होता. निपाणीच्या विहीणबाई अंबुबाई मात्र हटून बसल्या होत्या, की बाळंतपण आमच्याकडंच. रविराज ज्या बाजूला कलेल, त्या बाजूला मंजुश्री जाणार.

"जावई रुसला तर बघा," इंदुताईंनी नवऱ्याला बजावलं. "पाळणा परत माळ्यावर जाईल, आणि त्याच्या मागनं मी तुम्हाला बी चढवीन."

म्हणून आप्पांनी सकाळी रविराजला गाठून सांगितलं, "तुमचंच खरं हाय बघा." आणि संध्याकाळी कुमारला सांगितलं, "तुझंच खरं रं बाबा." झालं! रात्री दोघं पाटावर शेजारी बसले आणि दोघांनीही एकाच दमात जाहीर केलं, की आप्पा माझ्या बाजूचे. आमटीचा भुरका आप्पांच्या घशातच अडकला.

"म्हणजे मामांनी मला नुसतं बरं वाटावं म्हणून सांगितलं व्हय?" रविराजचं तोंड उतरलं. "मग आई म्हणत्या तेच बरं. निपाणीलाच जाऊया."

"मग मी बी डिझाइनला हात लावत न्हाय," कुमार फणकारला.

इंदुताईंनी आप्पांकडे असं पाहिलं, की त्यांना ठसका लागला. शेवटी मंजुश्रीच कडाडली, "गप बसा दोघं! रविवारी वाटी मी उघडणार हाय न्हवं? पेढा निघाला तर विंडोज, बर्फी निघाली तर लिनक्स. हाच माझा डोहाळा!"

डोहाळा म्हटल्यावर कोण काय बोलणार? पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी, एवढंच वाट्यांना आजवर ठाऊक होतं. आता बिचाऱ्यांच्या डोक्यावर कॉम्प्युटरही आला.

रविवारी घर बायकांनी फुलून गेलं. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत मंजुश्री काय दिसत होती म्हणता! पण आप्पांचा जीव टांगणीला लागलेला. पेढा निघाला तर जावई जाणार, बर्फी निघाली तर मुलगा रुसणार. ते हळूच स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर दोन झाकलेल्या वाट्या, शेजारी मिठाईचा डबा. आप्पांनी देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही वाट्यांत प्रत्येकी एक पेढा आणि एक बर्फी होईल असं घातलं. जास्तीचा एक पेढा तोंडात टाकला आणि ते साळसूदपणे बाहेर आले.

"आक्का, डावी घे, डावी!" कुमार दारातनं ओरडला.

"उजवी गं मंजू! उजवी!" रविराज टाचा उंच करून नाचत होता. "मला लिनक्स पायजे!"

"हे कसलं नाव रं?" अंबुबाई दचकल्या. "आमच्या घराण्यात असलं नाव ठेवायचं न्हाय, सांगून ठेवते!"

मंजुश्रीने उजवी वाटी उघडली. आत पेढाही होता आणि बर्फीही. मग जो गलका उठला, तो पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला.

"जुळं! जुळं हाय गं बाई!"

"अहो, एकच हाय! सोनोग्राफीत बघितलंय मी!" मंजुश्री ओरडत होती, पण ऐकतंय कोण? कुमार आणि रविराजनी तर एकमेकांना मिठीच मारली. "दोन्ही! दाजी, दोन्ही बसतात की एकाच कॉम्प्युटरात!" आप्पांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

"जुळ्याचं बाळंतपण एकट्या विहीणबाईंना झेपायचं न्हाय," अंबुबाईंनी पदर खोचला. "निपाणीलाच न्यायला पायजे."

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. स्वतःच्याच हातानं त्यांनी मुलीला निपाणीला धाडलं होतं.

"छ्या! आता कुठली निपाणी?" रविराज म्हणाला. "दोन-दोन सिस्टिम बसवायच्या, मामांना शिकवायच्या. ऑफिसचं काम हितनंच करतो. बारसं झाल्याबिगर मी हालत न्हाय!"

"मग मी एकटी तिकडं काय भिंती बघत बसू?" अंबुबाई म्हणाल्या. "मी बी ऱ्हाते."

इंदुताईंनी हसून मान डोलावली. मग त्यांची नजर आप्पांच्या मिशीवर गेली. तिथे पेढ्याचा चुरा होता. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर तयार झाला. आप्पांनी पोपटांच्या ओढीने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन नावं आली, एकाखाली एक.

"विंडोज खाली का?" कुमारने विचारलं.

"लिनक्स वर ऱ्हाणारच. मी बसवलंय न्हवं?" रविराज म्हणाला.

"मग आपोआप तेच उघडणार की, दाजी! हे काय बरोबर न्हाय!"

दोघांच्या बाह्या परत वर गेल्या. "आई," आतून मंजुश्रीचा वैतागलेला आवाज आला, "त्या वाट्या आण गं परत!"

आप्पा कुणाच्या लक्षात यायच्या आत उठले आणि मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरात शिरले. इंदुताई दाराकडे तोंड करूनच बसल्या होत्या. मिठाईचा डबा त्यांच्या मांडीवर होता.