सुड्या निघेपर्यंत आग बंद

किन्हीराजा गावात कुणाकडे बारसं असलं की पाळणा म्हणायला आमच्या शेजारच्या सुखदेवमामांना बोलावतात, आणि बाळाची आजी आधीच हात जोडून सांगते, की मामा, आज तेवढं जाळू नका. मामा मान डोलावतात. मग खंजेरीवर थाप पडते आणि सुरू होतं, "पाळण्यात निजला बाळ, बापाच्या उरी पेटला जाळ!"

मामा आमच्या भजनी मंडळाचे कवी आणि गायक. "गान्यात इस्तो पाह्यजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इस्तो म्हणजे विस्तव. गुरुजींच्या निरोपगीतात निखारे, लग्नाच्या स्वागतगीतात वणवा. माणूस मात्र इतका थंड, की चहा बशीत ओतून साय धरेपर्यंत थांबणार. सुमनमामी म्हणायच्या, "यायच्या पोटात एवढा जाळ, मंग सयपाक मलेच काहून करा लागते?"

तीनेक वर्षांपूर्वी एक घोळ झाला. कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे रचलेले ढीग, शेताशेतात उभ्या होत्या. त्या दिवसांत आमच्याकडचा माणूस घरी जेवतो खरा, पण जीव सुडीत असतो. एक काडी पडली की वर्षाचं पीक गेलं. नेमकं तेव्हाच मामांनी देवळाच्या भोंग्यावरून नवं गाणं काढलं, "लागली आग, धावा गा कोनी." गाव धावलं. कुणी बादली उचलली, कुणी मोटरसायकलला किक मारली. समोरचे श्रोतेही उठून पळाले. मामांना वाटलं, गाणं भिडलं. त्यांनी पट्टी आणखी चढवली.

धावताना नाल्यात पडलेला देविदास दुसऱ्या दिवशी लंगडत आला आणि त्यानं गावाकडून ठरवूनच घेतलं, मळणी होऊन सुड्या निघेपर्यंत आग बंद. मामांनी मुकाट्यानं मान्य केलं. तेव्हापासून दरवर्षी तेवढे दिवस ते नदीची नाहीतर चांदण्याची गाणी म्हणतात, काढा प्यायल्यासारखा चेहरा करून.

यंदा त्याच दिवसांत सुमनमामी तापानं गेल्या. मामा रडले नाहीत. आल्यागेल्याला चहा विचारत राहिले. तेरवीच्या संध्याकाळी देवळात भजन ठेवलं. मामांनी ठरल्याप्रमाणे नदीचं गाणं धरलं आणि दुसऱ्याच ओळीला अडले. पुन्हा धरलं, पुन्हा अडले. हात तेवढा खंजेरीवर चालत राहिला. आत काय कोंडलंय ते सगळ्यांनाच दिसत होतं. मला तर ते बघवेना.

देविदास उठला.

"मामा, लावा आज इस्तो," तो म्हणाला. "सुड्यायपाशी आमी जाऊन बसतो."

भोंग्यावर आग ऐकू आली तरी आज धावायचं नाही, असा घरोघरी निरोप गेला. आम्ही बाप्ये आपापल्या शेतात जाऊन बसलो. थोड्या वेळानं भोंग्यातून आवाज आला. साऱ्या जन्मात मामांनी मामींना नावानं हाक मारलेली आम्ही ऐकली नव्हती. नुसतं "अवो" म्हणायचे. आज ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं गात होते, "सुमन, जळून राह्यलो मी. सुमन, इझवाले ये."

मी सुडीला टेकून रडलो. पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर देविदास तोंडात दुपट्टा धरून बसला होता.