ओटी भरलेली चाळीस खोकी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्या खालोखाल मी मालती वाघुळदे यांचं नाव घेईन. वाघुळदेबाई रोज आपला डबा स्वतः भरत आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवत: ‘पोळ्या तीन, गवार एक वाटी, लोणचं एक फोड.’ दुपारी ऑफिसात डबा उघडला की चिठ्ठीशी ताडून बघत. फोडी दोन निघाल्या तर एक बाजूला काढत. “कागदात नाही,” एवढंच म्हणत. ती फोड मला मिळे.

ही नव्वदीच्या सुरुवातीची वाशीतली गोष्ट. बाईंचे यजमान लग्नानंतर तीन वर्षांतच गेले. मग तीस वर्षं बाईंनी एका कंपनीत परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं केली. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. बाईंनी गाळा घेऊन बायकांचा माल परदेशी पाठवायचं काढलं. पापड, मसाले, गोधड्या. फी विचारली तर म्हणत, “आधी माल पोचू दे.” माल पोचला की विषय बदलत.

मी म्हसवडच्या शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. वडील तुर्भ्याच्या बाजारात हमाल. नोकरीच्या अर्जात ‘छंद’ या शब्दापुढे मी ‘नाही’ लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, “उगाच भर नाही. उद्यापासून या.”

घणसोलीचा बायकांचा गट आमच्याकडे आला तेव्हा त्यांची पहिलीच ऑर्डर होती. दुबईला चाळीस खोकी उडदाचे पापड. वेळेवर पोचले तर दर महिन्याला मागणी, नाहीतर दुसरीकडून घेईन, असं तिथल्या व्यापाऱ्याने स्वच्छ कळवलं होतं. त्या भरवशावर दोघींनी मुलींची नावं कॉलेजात घातली होती. गटाच्या पुढारी गावातल्याच म्हात्रेकाकू. बाकी निम्म्या आमच्या साताऱ्याकडच्या हमालांच्या बायका. त्यांत माझी आईही.

बाई प्रत्येक बैठकीत एकच गोष्ट सांगत. “माल म्हणजे मुलगी. सासरी पाठवली की परत येता कामा नये. पाठवताना काही कमी ठेवू नका.” बायका माना डोलवत. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

न्हावा-शेव्याच्या बंदरात तपासणीच्या दिवशी कस्टमच्या साहेबांनी पहिलं खोकं उघडलं. पापडांवर एक नारळ, हळकुंड, सुपारी आणि मूठभर तांदूळ. दुसरं उघडलं, त्यातही तेच.

“कागदांवर तर नुसते पापड आहेत. हे कुणाचं काम?” साहेबांनी विचारलं.

“माझं,” बाई म्हणाल्या. “लिहायचं राहिलं.”

चार वर्षांत बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं.

जहाज दुसऱ्या दिवशी सुटणार होतं. संध्याकाळपर्यंत सगळं काढून खोकी पुन्हा बंद केली तरच माल जाईल, असं साहेब म्हणाले. टेम्पो पाठवून बायकांना आणलं.

“म्हात्रेकाकू, हे काय केलंत?”

“तुमीच सांगलाव ना, माल म्हंजे पोर? मंग पोरीला रिकामे ओटीनं सासरी धारतान का कोन?”

“मला विचारायचं तरी.”

म्हात्रेकाकूंनी माझ्या आईकडे पाहिलं. आई हळूच म्हणाली, “तसं न्हाई बाई. ओटीला सवाष्णी लागत्यात. म्हून तुम्हास्नी हाक मारली न्हाई.”

बाईंनी चष्मा पुसला. “बरोबर आहे. भरायला सवाष्णी लागतात. काढायला मी चालते ना?”

आणि खाली बसून त्यांनी चाळीसही खोकी स्वतः रिकामी केली. तांदळाचे दाणे कोरड्या ब्रशने झाडले. बायका पट्ट्या चिकटवत होत्या. मला यादी करायला बसवलं. नारळ चाळीस, हळकुंडं चाळीस, सुपाऱ्या एकोणचाळीस. एका सुपारीसाठी अर्धा तास सगळं थांबलं. अखेर म्हात्रेकाकूंनी तोंड उघडून दाखवलं.

“टेन्शन आलं का मना काय तरी चघलाला लागतं,” त्या म्हणाल्या.

“चाळीस,” बाई मला म्हणाल्या. “लिहा.”

माल गेला, पोचला, दर महिन्याला जाऊ लागला. नारळ बायकांनी वाटून घेतले. बाईंना घ्या म्हणायचा धीर कुणालाच झाला नाही.

पुढे बाईंच्याच शिफारशीवर मला महाप्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. लग्न झालं. मग मी त्यांना हे पत्र लिहिलं:

‘आदरणीय बाई, सा. न.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बारसं येत्या रविवारी, सकाळी दहाला, घणसोलीच्या घरी.

एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. ते नारळ बाजारातून मीच आणून दिले होते. कशासाठी ते मला माहीत होतं. तुम्हांला बोलावणार नाहीत, हेही माहीत होतं. शिकलेला म्हणून घरात माझं ऐकतात. तरी मी बोललो नाही.

मला बहीण नाही. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी. या वेळी आईला मी विचारलं नाही, सांगितलं: आत्या वाघुळदेबाई. तिने बाळाच्या दुपट्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, “त्यास्नी लुगडं कंच्या रंगाचं आवडंल, तेवढं इचारून घे.”

तरी रंग कळवावा. नाव आम्ही ठरवलेलं नाही. ते तुम्ही आणायचं आहे.

आपला,
दत्ता’