जासिबच्या टाकीतली हवा

सय्यद मुतशर यांनी कहव्याचा पेला न उचलताच तिपाईवर मागे सरकवला आणि घसा खाकरला. "उस्ताद, आम्ही एक मागणी घेऊन तुमच्या दारात आलोय. ती मान्य झाल्याशिवाय हा कहवा माझ्या पोटात जायचा नाही." भिंतीकडेने बसलेल्या मुलाकडच्या पुरुषांनी गंभीरपणे माना हलवल्या. आणि नेमकी तेव्हाच सरकारी वीज गेली.

कोणी दचकलं नाही. बसऱ्यात ऑगस्ट महिन्यात वीज गेली म्हणून दचकायचं म्हटलं तर माणसाला दुसरा उद्योगच उरायचा नाही. उलट सगळ्यांनी जासिबकडे कौतुकानं पाहिलं, कारण मोहल्ल्याचा जनरेटर त्याचा होता आणि मागणी होती त्याच्याच मुलासाठी, मुहन्नदसाठी. आता मिनिटाभरात मशीन घरघरेल, एसी सुरू होईल आणि बोलणं पुढे चालेल. जासिबनंही मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरायला लागला.

मुहन्नद तिशीला टेकला होता. आईनं दाखवलेल्या प्रत्येक मुलीला तो नाही म्हणत आला होता आणि या वसंतात आपणहून म्हणाला होता, "बाबा, औषधांच्या दुकानातली तबारक. नाहीतर कोणीच नको." बापाला आनंदानं रडू फुटलं आणि लगेच घामही फुटला, कारण तबारक ही उस्ताद फाखिरांची मुलगी. उस्ताद निवृत्त मुख्याध्यापक. एकदा अंगभर साबण लावलेला असताना वीज गेली, पाण्याचा पंप थांबला आणि जासिबचं मशीन काही सुरू झालं नाही. मशीनच्या बॅटऱ्या कोणा शेजाऱ्याची टॅक्सी सुरू करायला गेल्या होत्या. उस्ताद तसेच फेसासकट गच्चीवर आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ज्याला स्वतःचं मशीन सुरू करता येत नाही, त्यानं दुसऱ्याला उजेड विकू नये!"

हे बोलणं जासिबच्या काळजात रुतून बसलं होतं. मुलाचं लग्न व्हायचं तर मशीन एका बोटासरशी सुरू झालं पाहिजे, हे त्यानं ओळखलं आणि बाजार गाठला. व्यापाऱ्यानं मोठ्या बॅटऱ्या दाखवल्या. किल्ली देऊन पिळायची स्प्रिंगही दाखवली. मग दाबलेल्या हवेवर चालणारा स्टार्टर काढला. पोलादी टाकीत हवा भरून ठेवायची, वेळ आली की सोडायची, मशीन गर्रकन फिरलंच. जासिबचे डोळे चमकले. बॅटरी म्हटली की लोक मागणार आणि शेजाऱ्याला नाही म्हणायला त्याची जीभ वळत नसे. हवा कोण मागायला येणार? त्यानं हवेचा स्टार्टर बसवला आणि जुना भंगारात दिला.

पहिल्याच आठवड्यात लोक सायकली घेऊन आले. मग फुटबॉल आले, कूलरच्या जाळ्यांतली धूळ उडवायला बायका आल्या. शेवटी जासिबनं हातिम या आपल्या मशीनवाल्याला दम भरला. रोज सकाळी टाकीच्या तळाची तोटी सोडून साचलेलं पाणी काढायचं, कारण बसऱ्याच्या हवेत हवेपेक्षा पाणीच जास्त, आणि काटा लाल खुणेखाली जाताना दिसला तर सख्ख्या भावालाही फुंकर द्यायची नाही. आज दुपारीच त्यानं स्वतः काटा पाहिला होता. टाकी भरलेली होती.

त्यानं तोंडावर रुमाल धरून फोन कानाला लावला.

"मालक," हातिम कुजबुजला, "टाकीत हवा नाही."

"म्हणजे काय?"

"होती नव्हती ती सोडून बघितली. मशीन अर्धा फेरा फिरलं, हुस्स केलं आणि बसलं."

"अरे, मी बघून गेलो तेव्हा काटा वर होता! कोणी नेली?"

हातिम रडवेल्या आवाजात म्हणाला, "ते नाही सांगता यायचं. हजरत अब्बासची शपथ घातलीय मला."

अब्बासची शपथ मोडण्यापेक्षा हातिमनं नोकरी सोडली असती, गाव सोडलं असतं. त्याच्या पोटात शिरून नाव काढणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

"मग कंप्रेसर लाव आणि भर परत!"

"लावला होता हो. भरत आली असती टाकी. तेवढ्यात वीज गेली."

दुकानात ज्याचा विचार केला नव्हता ते आत्ता या सोफ्यावर जासिबला उमगलं. मशीनला हवा पाहिजे, हवेला कंप्रेसर पाहिजे, कंप्रेसरला वीज पाहिजे आणि विजेला मशीन पाहिजे. त्याला गरगरलं. तो उठायला लागला तशी सय्यदांनी त्याची मांडी दाबली आणि ओठ न हलवता म्हणाले, "खाली बस. मुलाचा बाप उठला की मागणी उठली."

जासिब बसला. सय्यद मुलाच्या खानदानाचं वर्णन करत आजोबांच्या खजुरीच्या बागेपर्यंत पोचले होते आणि त्यांना कोणी थांबवू शकत नव्हतं. खोली तापायला लागली. पाहुण्यांच्या माना आधी छताच्या पंख्याकडे वळत होत्या आणि मग जासिबकडे, आणि आता त्या बघण्यात कौतुक राहिलं नव्हतं. समोर उस्ताद फाखिर ताठ बसले होते. त्यांच्या कपाळावरून एक थेंब निघाला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. जासिबला तो थेंब पाहवेना. एवढी वर्षं मुलानं कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते आपण आपल्या हातानं घालवतोय, असं त्याला वाटलं.

फोन पुन्हा थरथरला.

"पंक्चरवाल्याकडे जा!" जासिब रुमालात पुटपुटला. "त्याच्या कंप्रेसरवर भरून आण."

"त्याचा कंप्रेसर आपल्याच लायनीवर आहे, मालक. तो इथेच उभा आहे, मशीन कधी सुरू करताय म्हणून शिव्या घालतोय. पण तुम्ही काळजी करू नका, वेल्डर अब्बूद आलाय. त्याच्याकडे भरलेला सिलिंडर आहे. तो म्हणतो, हवा काय आणि हे काय, दाब असला म्हणजे झालं. जोडतोय तो."

"कसला सिलिंडर?"

"ऑक्सिजनचा."

तेलकट स्टार्टरमध्ये ऑक्सिजन सोडला तर भडका उडून मशीन, हातिम, अब्बूद आणि पंक्चरवाला सगळे एकदमच वर जाणार. आणि त्याच वेळी सय्यदांचं भाषण संपलं. उस्तादांनी थेट मुहन्नदच्या बापाला, जासिबला विचारलं, "अबू मुहन्नद, माझ्या बाजूनं एकच प्रश्न. लग्नानंतर तबारकची नोकरी चालू राहू द्याल ना?"

"नाही!" जासिब किंचाळला. "आत्ताच्या आत्ता बंद कर! अक्कल आहे का तुला? सगळ्यांचे जीव घेशील!"

सय्यदांनी डोळे मिटले. उस्तादांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, आणि ते हळूहळू उभे राहिले. "सय्यद," ते म्हणाले, "तुमचा कहवा निवला. मला वाटतं..."

"उस्ताद, तुमच्या पाया पडतो, बसा!" जासिबनं फोन वर धरला. "मी याच्याशी बोलत होतो! तबारकनं नोकरी करावी, हवं तर स्वतःचं दुकान काढावं, मी काउंटर पुसायला येईन! पण माझ्या टाकीतली हवा संपलीय आणि तो गाढव मशीनला ऑक्सिजन जोडतोय!" आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं. स्टार्टर का बदलला ते सांगितलं, फेसाचा दिवस सांगितला, गच्चीवरचं ते वाक्यसुद्धा सांगितलं. "तुम्हाला परत तसं म्हणायला लागू नये म्हणून मी हवा घेतली, उस्ताद. मुलासाठी घेतली. आणि आजच कोणीतरी ती सगळी नेली."

उस्ताद खाली बसले. "नेली?" त्यांचा आवाज जरा चमत्कारिक झाला होता. "कोण म्हणाला?"

"हातिम. पण नाव सांगत नाही. अब्बासची शपथ घातलीय त्याला."

उस्तादांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "असो," ते म्हणाले. "हवेचं एवढं काय मनावर घ्यायचं? हवा ती हवाच."

"धाड!"

आतल्या खोलीतून आवाज आला आणि सगळी बैठक जमिनीवर आडवी झाली. गोळीबारात आडवं पडणं बसऱ्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. सय्यद मुतशर या वयातही तिपाईखाली गेले. पुन्हा "धाड!" झालं. मग लागोपाठ दोनदा. जासिब गालिच्यावर गाल टेकवून कलमा पुटपुटत होता, आणि त्यातही त्याला एक गोष्ट विचित्र वाटली. उस्ताद फाखिर आडवे झाले नव्हते. चोरी पकडली गेल्यावर पोरं बसतात तसे ते मान घालून, डोळे मिटून खुर्चीत बसले होते.

आतल्या दाराचा पडदा हलला. त्याच्याखालून एक गुलाबी फुगा डुलत डुलत बाहेर आला आणि सय्यदांच्या नाकासमोर थांबला. त्यावर सोनेरी अक्षरात लिहिलं होतं, तबारक आणि मुहन्नद.

"अहो, हो म्हणा ना एकदाचं!" पडद्यामागून उस्तादांची बायको उम्म हैसम ओरडली. "कधीपासून पडद्याआड वाट बघतेय! उकाड्यानं एकेक फुटायला लागलाय. किती ताणाल? त्या हातिमपुढे दोन पोती फुगे धरून उभी होते मी, माझे हात मोडून आले!"

उस्तादांनी चष्मा घातला, परत काढला. "माझं गेल्या आठवड्यातच ठरलं होतं," ते शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले. "पण मुलीच्या बापानं पहिल्या झटक्यात हो म्हटलं तर मोहल्ला काय म्हणेल? थोडं कडक राहावं लागतं."

"म्हणजे दिली?" तिपाईखालून सय्यदांनी विचारलं.

"दिली. कहवा घ्या."

सय्यदांनी तिपाईखालूनच हात वर केला, चाचपडत पेला काढला आणि आडव्या अंगानं निवलेला कहवा पिऊन टाकला. आत बायकांनी एकदम आनंदाच्या आरोळ्यांचा गजर केला, त्यात आणखी दोन फुगे फुटले आणि यावेळी कोणी हललं नाही. जासिब गालिच्यावर मांडी घालून बसला. त्याला आनंदानं पुन्हा रडू फुटलं होतं आणि घाम इतका येत होता की ते कोणाला कळलंही नसतं.

फोन थरथरला. "मालक," हातिम म्हणाला, "अब्बूदला हाकलला. पाण्याच्या टँकरवाल्याला थांबवलाय. त्याच्या ब्रेकच्या टाकीतली हवा आपल्यात घेऊन बघू म्हणतो. चालेल?"

"चालेल. पण त्याला विचारून घे."

उस्तादांनी सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली होती. कडकपणा पार वितळून गेला होता. ते जासिबच्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "अबू मुहन्नद, फार उकडतंय हो. मशीन लवकर सुरू होईल ना?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जासिबला कसलीही घाई नव्हती. "होईल, व्याहीबुवा," तो म्हणाला आणि आपला कहवा पुढे ओढला. "फुगेवाल्यांनी जरा दम धरावा."