बखर चारशे एकोणीस नंबरच्या विमानास रंग दिल्याची

श्री. वारा ज्याच्या आज्ञेने वाहतो आणि थांबतो त्यास प्रथम नमन करून, जैसे घडले तैसे लिहितो; पदरचे काही घालीत नाही. शके १९४५, शोभननाम संवत्सर, फाल्गुन मास. कोणे एके राज्यात, नदीकाठच्या शहरी, दौलतराव भोईटे नामे गृहस्थ राहात असत. वय त्र्याहत्तर, नजर शाबूत, हात स्थिर. तरुणपणी राज्याच्या हवाई फौजेत मेकॅनिक म्हणून चाकरी केली. लढणारे विमान सकाळी उडेल आणि उडाले ते नीट उतरेल ऐसे राखणे, हे त्यांचे काम. पुढे चाकरी संपली आणि हात रिकामे बसेनात, मग त्यांणी प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या पेट्या आणवून छोटी विमाने जोडण्याचा उद्योग आरंभिला. खिडकीपाशी टेबल मांडिले, त्यावर चिमटे, कानशी, ब्रश, रंगांच्या बाटल्या यांची छावणी पडली, आणि वीस वर्षांत त्रेचाळीस विमाने कपाटात मुक्कामास आली. परंतु ज्या जातीच्या विमानाची खिदमत त्यांणी स्वतः लढाईत केली, ती जात मात्र कपाटात नव्हती. कुटुंब अनसूयाबाई यांणी हे कधीच ओळखिले होते, परंतु विचारिले नाही.

ऐसे असता फाल्गुन शुद्ध पंचमीस, दुपारच्या चहाचे समयी, एक बाई दारी आल्या. वय बावन्न, केस आखूड, काखेत पेटी. म्हणाल्या, "भोईटेकाका ना? मी अवंती. टिपणीसांची मुलगी." हे नाव ऐकताच दौलतराव ताठ उभे राहिले, जैसे धावपट्टीवर साहेबापुढे राहात. फ्लाइट लेफ्टनंट हेमचंद्र टिपणीस म्हणजे त्यांचे साहेब. शके १८९३, मार्गशीर्ष वद्यात शत्रूशी युद्ध जुंपले, तेव्हा चारशे एकोणीस नंबरचे विमान घेऊन एके सकाळी गेले ते परत आले नाहीत. त्या समयी अवंतीबाई सात महिन्यांच्या.

बाई बसल्या आणि सांगो लागल्या, "आईने बाबांचा विषय कधी काढलाच नाही. गेल्या वर्षी तीही गेली. तिच्या ट्रंकेत हा एकच फोटो निघाला." फोटो काळापांढरा. एक तरुण विमानाच्या शिडीवर उभा, तोंड अर्धे सावलीत. "काका, विमानाचा रंग कोणता होता, तेसुद्धा मला ठाऊक नाही. जुन्या लोकांना विचारत विचारत तुमच्यापर्यंत आले. ते विमान तुमच्याकडे होतं म्हणतात."

"होतं," दौलतराव बोलिले.

"मला ते करून द्याल? सुटे भाग मी आणलेत. पण अगदी त्या दिवशी होतं तसं हवंय."

दौलतराव फोटोकडे न पाहता म्हणाले, "ताई, आता नाही होत. डोळे साथ देत नाहीत."

तों अनसूयाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "देतील करून. पेटी ठेवून जा. पाडव्याच्या आत ये."

पाहुणीस निरोप जाहला आणि दार लागले, मग दौलतराव संतापले. "मला न विचारता शब्द दिलास?"

"डोळे साथ देत नाहीत म्हणे! काल सुईत दोरा कुणी ओवून दिला मला? त्रेचाळीस केलीत आणि ते एक नाही केलंत. मला दिसत नाही होय? का नाही केलं ते नका सांगू. पण त्या पोरीला द्या करून." ऐसे म्हणोन बाई कपबशा उचलून आत गेल्या.

दोन दिवस पेटी तैसीच राहिली. तिसरे दिवशी सकाळी दौलतरावांनी स्नान केले, चष्मा पुसला आणि पेटी फोडिली. मग भाग एकेक चौकटीतून कापून काढिले, कडा घासल्या, आणि वैमानिकाच्या बसकीस, म्हणजे आसनास, बारीक पट्टे कागदाचे केले, कारण पेटीतले पट्टे जाड होते आणि साहेब पट्टे आवळून घेत ते त्यांस पक्के आठवत होते. पोटाच्या दोन फाका जोडल्या, सांध्यात लांबी, म्हणजे भरावाचा मसाला, भरली, ती वाळली, मग घासून बोटाने पाहिली, आणि सांधा बोटास लागेनासा होईतो पुनः घासली. पंख बसविले, चाके बसविली. विमान एक वीत लांब. हातात धरले तों चिमणीएवढे वजन. परंतु बोटांस सर्व ओळख पटत गेली: येथे तेलाचे झाकण, येथे हात घालिता कोपर खरचटत असे, येथे पाऊल ठेवून साहेब वर चढत. मेजापाशी बसलेले दौलतराव मध्येच हसत, आणि अनसूयाबाई आतून ऐकत आणि भाजी चिरीत राहात.

मग रंगाचा दिवस आला. ती विमाने मुळात चंदेरी. युद्ध तोंडाशी येताच हुकूम सुटला की उन्हात चकाकू नयेत सबब सर्वांस हिरवा आणि मातकट रंग चढवावा, आणि तो घाईने चढविला गेला. दौलतरावांनी फवारणीचे यंत्र लाविले, खालून फिकट निळा दिला, वरून मातकट दिला, त्यावर हिरवे पट्टे ओढिले, आणि ओढीत ओढीत उजव्या पंखावर आले, आणि तेथे हात थांबला. उजव्या पंखावर, मुळापाशी, एक झाकण; खऱ्या विमानात ते तळहाताएवढे. साहेब गेले त्या सकाळच्या आदल्या दिवशी ते गोळीने फाटून आले होते. नवे झाकण भांडारात नव्हते, मग दौलतरावांनी मोडीत उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचे काढून आणिले आणि बसविले. ते झाकण रंगाविना, कोरे चंदेरी. रंगाचा डबा आणावयास ते धावणार, तों उड्डाणाचा इशारा जाहला. दौलतराव शिडीपाशी ओरडले, "साहेब, पाच मिनिटं द्या, उन्हात वरून दिसेल हे!" साहेब बसले होते, ते हसले, काही बोलले आणि गेले. सोबतचे विमान परत आले, त्याच्या वैमानिकाने सांगितले की शत्रू वरून आला, थेट चारशे एकोणीसवर आला. अधिक त्याने पाहिले नव्हते. परंतु दौलतरावांस तेवढे पुरले. बावन्न वर्षे हे कोणास सांगितले नाही, कुटुंबासही नाही.

आता त्यांणी यंत्र पुनः उचलिले आणि झाकणावर हिरवा फवारला. एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला. चकाकणारे काहीच उरले नाही. राहिलेले काम पुरे जाहले ऐसे वाटून त्यांचा श्वास मोकळा जाहला, आणि त्या दुपारी ते गाढ निजले. शेपटीवर नंबराचा छापील तुकडा पाण्यात भिजवून चिकटविला, वर बिनचकाकीचे वार्निश दिले, आणि विमान सिद्ध जाहले.

पाडव्यास पाच दिवस उरले असता अवंतीबाई आल्या. विमान पाहून त्यांणी दोन्ही हात ओठांशी नेले. वाकून चौफेर पाहिले, स्पर्श केला नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे हिरवं होतं. मी आपलं इतकी वर्षं राखाडी समजत होते. काका, त्या दिवशी असंच होतं ना?"

दौलतरावांस होय म्हणणे सोपे होते. अनसूयाबाई दाराशी उभ्या होत्या. दौलतराव म्हणाले, "नाही, ताई. असं नव्हतं." आणि मग झाकणाची गोष्ट, डब्याची, इशाऱ्याची, वरून आलेल्या शत्रूची, सर्व सांगितली. काही लपविले नाही. सांगून जाहले आणि मान खाली घालून बसले, जैसे कसूर केलेला शिपाई निवाड्यास बसतो.

अवंतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. मग विचारिले, "रंग दिला असतात तर ते आले असते?"

"ठाऊक नाही. रोज विचारतो स्वतःला."

बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग तशाच, न वळता म्हणाल्या, "बाबा काहीतरी बोलले, म्हणालात. काय बोलले?"

"म्हणाले, 'भोईटे, चकाकू दे रे. आल्यावर दोघं मिळून रंगवू.'"

तेव्हा बाई वळल्या. डोळे भरले होते, परंतु आवाज स्थिर होता. "काका, माझ्यापाशी बाबांचा एक शब्दही नव्हता. पत्र नाही, आवाज नाही. आई सांगायची नाही. लोक सांगायचे शूर होते, हुशार होते. ते काय बोलले हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं." मग म्हणाल्या, "पुन्हा सांगा. कसे म्हणाले तसं."

दौलतरावांनी पुनः सांगितले. तिसरे वेळी त्यांस साहेबांचा सूर सापडला, किंचित नाकातला, रे लांबविलेला, आणि तो ऐकून अवंतीबाई हसल्या आणि रडल्या. अनसूयाबाई पुढे आल्या, त्यांणी आधी पोरीस जवळ घेतले, मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाल्या, "इतकं एकट्यानं वाहिलंत?"

मग दौलतरावांनी बारीक पाते घेतले आणि झाकणावरला हिरवा रंग हलके खरवडून काढिला. चंदेरी रंगाची बाटली उघडून ब्रश अवंतीबाईंच्या हाती दिला. बाईंस सवय नव्हती, कडेने थोडा रंग बाहेर गेला. त्यांणी विचारिले, "पुसू?" दौलतराव म्हणाले, "राहू दे. आम्हीही घाईतच बसवलं होतं." आणि रंग वाळेतो साहेब चहा कैसा पीत, पत्ते खेळता कैसे चिडत, मुलगी जाहली तेव्हा धावपट्टीवर सर्वांस पेढे कैसे वाटिले, हे सर्व सांगत बसले, आणि ऐकणाऱ्या दोघी होत्या.

येणेप्रमाणे विमान पुरे जाहले आणि अवंतीबाईंच्या घरी गेले. झाकणामुळे साहेब गेले की न गेले, हे लिहिणारास ठाऊक नाही, दौलतरावांसही नाही. पाहुणे विमान पाहतात आणि पुसतात की येथला रंग उडाला काय. बाई सांगतात, "उडाला नाही. द्यायचा राहिलाय."