तायडे गुरुजींची दोरी

तायडे गुरुजींच्या कोटाच्या खिशात रुमाल नसे, सुताची दोरी असे. चाळीस हातांची, दर हाताला एक गाठ. आमच्या शाळेत ते कवायत आणि खेळ शिकवत, पण त्यांचा खरा विषय माप. कुणी नुसतं ‘जवळच आहे’ किंवा ‘जरासं पुढं’ म्हणालं की त्यांचा हात खिशात गेलाच. "मानसाचं सोडा सर, दोरीले इचारा," असं म्हणत ते तिथल्या तिथं वाकून मोजायला लागत.

आमच्या मंगरूळपीरच्या थांब्यावर अकोल्याची एसटी जरा पुढं जाऊन थांबली, तर गुरुजी दोरी टाकून ड्रायव्हरला खाली बोलावत. "सात हात पुढं आनली गाडी. म्हाताऱ्या मानसानं सात हात कायले पळावं?" पुढं पुढं गुरुजी दिसले की तो ड्रायव्हर गाडी अशी हळू आणून लावी, जणू आत नवी नवरी बसली आहे. एकदा दोन भावांनी अंगणाच्या भांडणात त्यांना मोजायला बोलावलं. दोघांनीही एकमेकांचा एकेक हात दाबला होता. गुरुजींनी ते चारचौघांत सांगितलं. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलायला लागले आणि गुरुजींशी बोलेनासे झाले.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. अक्षर बरं, म्हणून गावात कुठलीही समिती निघाली की चिटणीस मीच.

बहात्तरच्या दुष्काळाला तीन-चार वर्षं झाली होती. राज्यातल्या कबड्डीची मोठी स्पर्धा त्या साली आमच्या भागातल्या एखाद्या गावानं घ्यावी, असं पत्र आलं. घ्यावी की नाही हे ठरवायला शाळेत सभा भरली. अध्यक्ष होते जिनिंगवाले आप्पासाहेब. निम्मं गाव विरुद्ध होतं. उगाच घरबसल्या लचांड कशाला, असा एकूण सूर.

सायकलवाले हमीदभाई उठले. "पानी कुठून आनसान? बहात्तर साल भूल गये क्या?"

"तुमच्याच विहिरीत बारा हात पानी हाय," गुरुजी म्हणाले. "काल दोरी सोडून पाह्यली."

"मले इचारलं तरी का?" हमीदभाई म्हणाले, पण हसले, आणि विहीर देऊन बसले.

मग कुणी म्हणालं, शाळेचं मैदान उताराचं आहे. तो उतार गुरुजींनी महिनाभर शाळा सुटल्यावर एकट्यानं फावड्यानं काढला होता. आम्ही सगळे रोज ते बघत होतो, पण हा त्यांचा एक चाळा म्हणून सोडून देत होतो. एकेका शंकेला त्यांच्याकडं माप तयार होतं. शेवटी हात वर झाले आणि स्पर्धा घ्यायची ठरली. गुरुजींचे डोळे भरून आले. रुमाल नव्हताच, त्यांनी दोरीच्या टोकानं डोळे पुसले. सगळी सभा हसली, मीही हसलो.

राहिली उतरण्याची सोय. लॉज वगैरे आमच्याकडं नव्हतं. बाहेरगावचे खेळाडू गावकऱ्यांच्या घरी उतरायचे, दर घरी दोन. त्यांना जेवू घालणं, अंथरूण देणं हा मान असे. लोक नावं सांगू लागले आणि मी यादी लिहू लागलो.

गुरुजींनी हात वर केला. "माह्या घरी दोन लिहा, सर."

गुरुजी नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहत. त्या वस्तीनं जुना धर्म सोडला त्याला वीसेक वर्षं झाली होती, आमच्या मनानं मात्र काही सोडलं नव्हतं. शाळेत आम्ही त्यांच्या शेजारी बसून चहा घेत होतो. पाहुणे त्यांच्या घरी जेवायला पाठवणं निराळं. हे अर्थात कुणी बोललं नाही. आप्पासाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "गुरुजी, मैदानाचं सारं तुमच्यावर. आन् तुमचं घर लांब पडते. पोरं थकून राह्यतीन."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझं पेन क्षणभर थांबलं. मग मी लिहिलं, ‘श्री. तायडे – मैदान’.

गुरुजींनी हात खाली घेतला. कुणीतरी ‘लांब’ म्हणालं होतं, आणि त्यांचा हात खिशात गेला नाही.

स्पर्धा झकास झाली. चुन्याच्या फक्कीच्या रेघा तिन्ही दिवस इतक्या सरळ, की पंचांनी खास विचारलं, कुणी आखल्या. माझ्या घरी उतरलेल्या दोघांनी भाकऱ्यांचा फडशा पाडला आणि जाताना बायकोच्या पाया पडले.

मग आभाराचा नारळ द्यायला मी गुरुजींकडं गेलो. सोळा वर्षं एका शाळेत होतो, नाला पहिल्यांदाच ओलांडत होतो. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही; घरात ते एकटेच. भिंतीवर बुद्धाची तसबीर. ओसरीत दोन नव्याकोऱ्या गाद्या शेजारी शेजारी अंथरलेल्या, उशाशी स्टीलचे दोन नवे पेले.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं.

"नाई. सभेच्या आधीच शिवून घेतल्या होत्या. कबड्डीचे पोरं उंच असतेत, म्हून अर्धा हात जास्त ठेवल्या." मग चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "सर, माह्या उंबऱ्यापासून मैदान तीनशे वीस हात हाय. आप्पासाहेबाच्या उंबऱ्यापासून नऊशे."

"कधी मोजलं?"

"त्याच दिवशी. सभेहून येता येता."

"मग सांगायचं होतं, गुरुजी."

"कोनाले सांगू? सगळ्याईले मालूमच होतं." त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला. "मलेच दोरीले इचारा लागलं."

तशी स्पर्धा आमच्या गावात पुन्हा आली नाही. गुरुजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती यादी अजून माझ्या पेटीत आहे. कधीतरी काढून बघतो. घरांच्या दोन ओळींच्या मध्ये ‘श्री. तायडे – दोन’ सहज मावलं असतं, एवढी जागा आहे. आणि अक्षर खरोखरच सुरेख आलं आहे.